अर्धी गोळी

"मी काही बोलली का?"

शुद्धीवर आली की मोठीमाय आधी हेच विचारायची. तोंडाला फेस, लुगड्याला माती, कोपर फुटलेलं. पण कोपराकडे तिचं लक्षच नसायचं. उठून बसायची, पदर सारखा करायची आणि भोवती उभ्या असलेल्या बायांना म्हणायची, "सांगा नं वं, मी काही बोलली का?"

खरं म्हणजे ती बोलत नसे, नुसती गुरगुरत असे. त्या गुरगुरण्याचा अर्थ तिची सासू सांगायची, आणि सासूचा अर्थ मोठा सोयीचा असायचा. कुणाचा बैल हरवला असेल तर "येईन, नदीच्या अंगानं येईन." कुणाला मूल नसेल तर "औंदा पाळणा हालंन." बैल आला तर तो मरीमायनं आणला, आणि नाही आला तर विचारणाऱ्याचा नारळ नासका निघाला होता. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. गर्दीत टाचा उंच करून तुम्हीही पाहिलं असेल. मी तर पाहिलंच आहे.

माझे वडील तिच्या नवऱ्याला दादा म्हणत, म्हणून ती माझी मोठीमाय. आमची बस्ती गावाच्या उगवतीला, आर्णीच्या रस्त्याला लागून होती. न्हाण येण्याच्या आधीपासून तिला झटके येत. लोक म्हणत, तिच्या अंगात मरीमाय येते. एरवी आमची सावली टाळणारी पाटलीणबाई मंगळवारी तिच्या दारात उन्हात ताटकळत उभी राहायची आणि वेळ आली की पायावर डोकं ठेवायची. बुधवारी पुन्हा तीच सावली, तेच टाळणं.

मान होता, पण बाकी काही नव्हतं. चुलीजवळ तिला कुणी बसू देत नसे, कारण एकदा ती चुलीतच पडली होती आणि डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. विहिरीवर एकटीला पाठवत नसत. आणि तिच्या हाती लेकरू कुणी देत नसे. तिचा स्वतःचा मुलगा सासूनंच वाढवला. दूध पाजायच्या वेळीसुद्धा सासू शेजारी हात पसरून बसलेली असे, पोर कधी खाली पडेल आणि आपण कधी झेलू म्हणून. बाया आपापली पोरं घेऊन कौल मागायला यायच्या. ती कपाळाला अंगारा लावायची, पण पोर आईच्याच कडेवर राहायचं.

दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हा तिचा नेम होता. अंगारा संपला तर चुलीतली राख द्यायची. राख गरम असली तर लिंबाचा पाला.

छप्पन सालच्या दसऱ्याला बस्तीतली माणसं नागपूरला गेली, दीक्षा घेऊन आली, आणि आठवड्याच्या आत घराघरातले देव टोपल्यांत भरून अरुणावती नदीत सोडले. शेंदराचा दगड उचलताना दोघातिघांनी आधी हात जोडले, मग उचलला. मग प्रश्न आला. देव्हाऱ्यातले देव टोपल्यात घालता आले. मोठीमायच्या अंगातली मरीमाय कोणत्या टोपल्यात घालायची?

उत्तर लवकरच द्यावं लागलं. एका संध्याकाळी बुद्धवंदनेला सगळे बसले असताना ती धाडकन पडली. सवयीनं दोन बाया कुंकू आणायला उठल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या. सासू पुढं सरकून म्हणाली, "बोल माय, काय पायजे तुले?" तेवढ्यात माझे वडील उभे राहिले. ते कमी बोलत, पण बोलले की ठराव मांडल्यासारखं बोलत.

"आजपासून ही बिमारी हाय," ते म्हणाले. "हिले दवाखान्यात नेऊ."

सगळ्यांनी माना हलवल्या. अशा रीतीनं मोठीमायची देवी बहुमतानं गेली आणि बिमारी एकमतानं आली. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. ती शुद्धीवर आली, पदर सारखा केला आणि विचारलं, "मी काही बोलली का?"

कुणी उत्तर दिलं नाही. सासूनंही नाही. मोठीमाय सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिली. ते बघणं मला आवडलं नव्हतं, एवढं आठवतं.

पुढं मी गावच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागलो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा आणि पट्ट्या बांधणारा. हे काम वर्षभर केलं की माणसाला पू दिसतो आणि वास येत नाही. आधीचे डॉक्टर मोठीमायला लाल पाणी द्यायचे. ते सगळ्यांनाच लाल पाणी द्यायचे. मग नागपूरहून एक तरुण डॉक्टर आले. त्यांच्याकडे टपालानं इंग्रजी मासिकं यायची आणि मेंदूवर काही छापून आलं की ते जेवण विसरायचे.

त्यांनी मोठीमायला समजावून सांगितलं, "बाई, सगळ्यांच्याच डोक्यात बारीकशी वीज चालते. तुमच्या डोक्यात ती मधूनच एकदम उसळते. म्हणून झटका येतो."

"आमच्या बस्तीत तं खांबबी नाई आले अजून," मोठीमाय म्हणाली.

फेनोबार्ब नावाची पांढरी, बारीक गोळी सुरू झाली. रोज एक. महिन्याच्या गोळ्या मी पुडीत बांधून द्यायचो. पहिल्या महिन्यात ती बसल्या जागी पेंगायची. तिसऱ्या महिन्यापासून झटके थांबले.

"कसं वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काईच नाई वाटत," ती म्हणाली. "डोक्यात कापूस कोंबल्यावानी लागते. कोनी मेलं तरी रडू नाई येत, हासू बी नाई येत."

डॉक्टर म्हणाले, गोळीमुळे होतं असं, थोडी कमी करून बघू का?

"नोको," ती घाईनं म्हणाली. "सुनेले सातवा लागला हाय."

तिला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं. नातू झाला. वर्षभर झटका आला नव्हता, तरी सून दोन महिने मन घट्ट करत होती. मग एका दुपारी, मी पुडी द्यायला गेलो होतो तेव्हा, सुनेनं पोर तिच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः पाण्याला गेली. मोठीमाय हललीच नाही. गालावर माशी बसली तीही उडवली नाही. सून दोन खेपा करून आली, तोवर तशीच बसून होती.

"पाय अवघडला असन वं," सून म्हणाली.

"पाय माहाच हाय," मोठीमाय म्हणाली. "अवघडू दे."

त्यानंतर ते पोर तिच्याच मांडीवर वाढायला लागलं. चूलही ती सांभाळू लागली. आमच्या घरी तिनं मुद्दाम भाजून आणलेली भाकरी दिली. एका बाजूनं करपलेली होती, पण आम्ही वाखाणून खाल्ली.

इथून पुढं काय झालं ते आम्हाला फार उशिरा कळलं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगून टाकतो. लपवून काही साधणार नाही. झटके येणारी बाई बरी झाली ही बातमी बस्तीबाहेर गेली. लोकांचा हिशोब साधा होता. जिनं मरीमायला गप्प केलं, ती गोळी मरीमायपेक्षा मोठी. मग झटके येणारी पोरं घेऊन आया पुन्हा तिच्या दारात येऊ लागल्या. जवळच्या तांड्यावरच्या बंजारा बाया, लांबच्या पोडावरचे, म्हणजे रानातल्या वस्तीवरचे, कोलाम. दवाखान्यात यायला ही माणसं भीत, पण मरीमायच्या बाईचं दार त्यांच्या ओळखीचं होतं. आता तिच्याकडे अंगारा नव्हता. राख द्यायला दीक्षेनं मनाई होती. आणि दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. तिनं अडकित्ता घेतला आणि स्वतःची गोळी कातरून अर्धी दिली. सून शेतावर गेलेली असे त्या वेळी.

तिला पुन्हा झटके यायला लागले.

पहिला झटका आला तेव्हा पोर मांडीवर होतं. लागलं नाही, पण सुनेनं किंचाळून ते उचललं आणि पुन्हा म्हणून दिलं नाही. मी सुनेला दोष देत नाही. तुम्हीही देऊ नका. मोठीमायनंही दिला नाही. ती दारात बसायची आणि पोर अंगणात रांगायचं तिकडे नुसती बघायची. ते रांगत जवळ आलं तर हात मागं घ्यायची.

डॉक्टर मात्र चक्रावले. त्यांनी दीड गोळी केली, मग दोन केल्या. फरक नाही. होणार कसा? गोळ्या वाढल्या तशी तांड्यावरची पोरंही वाढली. डॉक्टर रात्रंदिवस मासिकं चाळायला लागले. "मेंदू दवेला सरावतो, असं छापलं आहे," ते मला म्हणाले. "पण हिचा फारच लवकर सरावला. हे काहीतरी वेगळं आहे." मग त्यांनी तिला नागपूरला पाठवलं, मेंदूतल्या विजेचा आलेख काढायला. सोबत मी होतो.

तिथं तिच्या डोक्याला वायरी चिकटवल्या. यंत्रातल्या सुया लांबच लांब कागदावर थरथरत रेघा काढू लागल्या. काम झाल्यावर तिनं तो कागद बघायला मागितला. तिथल्या माणसानं दाखवला. मोठीमायनं रेघांवरून बोट फिरवलं आणि मला हळूच विचारलं, "हे सारं मी बोलली का?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

"लय बोलली की वं माय," ती म्हणाली. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण एसटीत यवतमाळ येईपर्यंत तिनं दोनदा मान हलवून तेच म्हटलं.

परत आल्यावर डॉक्टरांनी तिला सांगितलं की विलायतेत माणूस जागा ठेवून डोकं उघडतात आणि वीज उसळते तेवढीच जागा काढतात. नव्या गोळ्याही निघताहेत, एखादी आपल्याकडेही येईल.

"कवा येईन?"

"वर्ष, दोन वर्षं."

ती अंगणाकडे बघत असावी तसं खिडकीबाहेर बघत होती. "तवर पोट्टं चालाले लागन," ती म्हणाली. "मांडीवर कायले बसन थे?"

कापूस वेचणीच्या दिवसांत, सकाळी, तिचा मुलगा पळत दवाखान्यात आला. झटका थांबत नव्हता. एक संपायच्या आत दुसरा. मी आणि डॉक्टर सायकलींवर गेलो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मग आणखी एक दिलं. त्या औषधाचा उग्र वास घरभर पसरला. दुपार कलायच्या आत ती गेली. कोपर नेहमीसारखं फुटलं होतं. मी पाणी मागितलं, जखम धुतली, टिंक्चर लावलं आणि स्वच्छ पट्टी बांधली. गाठ मारून झाल्यावर डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मेलेल्या माणसाला पट्टी बांधत नाहीत हे मला तोवर सुचलं नव्हतं. मला रडू आलं नाही. आत काहीतरी बधिर झालं होतं आणि खरं सांगायचं तर ते अजून पुरतं उतरलेलं नाही.

काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, चला, तिच्या घरी जाऊन येऊ. तिच्या आजाराबद्दल ते नागपूरच्या आपल्या गुरूंना कळवणार होते. दवेला दाद न देणारा मेंदू म्हणून. त्याआधी मुलाला काही विचारायचं होतं.

मुलगा शेतात गेला होता. ओट्यावर एक बंजारा बाई बसली होती, आणि शेजारी तिची आठ-नऊ वर्षांची पोरगी. पोरीच्या हनुवटीवर पडल्याची जुनी खूण होती.

"याडी कुठं गेली?" बाईनं आम्हाला विचारलं. याडी म्हणजे त्यांच्याकडे आई.

"काय काम होतं?" मी विचारलं.

तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडून दाखवली. आत अर्धी पांढरी गोळी होती. "येवढीच उरली," ती म्हणाली. "पोरगी पडत नाई आता. पुढची पायजे."

डॉक्टरांनी ती अर्धी गोळी तळहातावर घेतली. उलटी करून पाहिली. कातरलेल्या कडेवर अडकित्त्याचा डाग होता.  मग ओट्यावर, बाईच्या शेजारीच, खाली बसले.

सून पोराला कडेवर घेऊन दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "अडकित्ता पांढरा काहून होते म्हणून मी बोलत होती तिले," ती म्हणाली.  मग म्हणाली, "लेकरू हिसकून घेतलं मी तिच्या हातून."

"तिनं सांगितलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी इचारलंच नाई."

डॉक्टरांनी पोरीला तपासलं, गुडघे ठोकून पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि पिशवीतून गोळ्या काढून बाईला दिल्या. दर महिन्याला दवाखान्यात ये, म्हणाले. ते स्वतः बघणार होते. मी बाईला सांगितलं की याडी आता येणार नाही.  बाईनं ओढणी डोक्यावरून पुढं ओढली आणि पोरीला उठायची खूण केली.

"थांबा," सून म्हणाली. "रिकाम्या हातानं नोका जाऊ." ती आत बघून आली. द्यायला घरात काही नसावं. मग ती ओट्यावर आली, कडेवरचं पोर काढलं आणि त्या पोरीच्या मांडीवर ठेवलं.

"नको, नको," बाई घाबरून हात पुढं करत म्हणाली. "ही पडते."

"राहू द्या," सून म्हणाली आणि पोरीला लागून खाली बसली. "मी हाय बाजूले."

पोरीनं दोन्ही हातांनी पोर धरलं आणि श्वास रोखून बसून राहिली. डॉक्टर पिशवी बंद करत होते. ते झाल्यावरही आम्ही कुणी उठलो नाही.