रिकाम्या पारड्यावरचा आकडा

माझ्या भावाला रस्त्यात कुणी "काय, कसं काय?" असं विचारलं तर तो लगेच उत्तर देत नाही. आपलं खरोखर कसं चाललंय ते आधी मनाशी तोलतो आणि मग सांगतो, "कालच्यापेक्षा जरा बरं." तोवर विचारणारा पुढे निघून गेलेला असतो. अडतीस वर्षं त्यानं वजनमापांच्या कचेरीत निरीक्षक म्हणून काढली, त्यामुळे अंदाजपंचे बोलणं त्याला जमतच नाही. बाजारात त्याला 'काटेसाहेब' म्हणत. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की अर्ध्या दुकानदारांना आपापली पारडी पुसायची आठवण व्हायची.

घरात तो माझा दादा, आणि मी त्याची 'शिट्टी'. मी शाळेत खेळ शिकवायचे. निवृत्त झाल्यावर शिट्टी कपाटात गेली, पण आवाज मात्र ठेवायचा राहिला, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. मी त्याच्या घरापासून दोन इमारती सोडून राहते. म्हणजे हाक मारली तर ऐकू जाते, आणि मी मारते.

नोकरी संपल्यावर त्यानं घराच्या पुढच्या खोलीत काटे दुरुस्त करायला सुरुवात केली. खिडकीशी लांब टेबल, त्यावर काचेच्या पेटीत एक नाजूक काटा, आणि शेजारी मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं, अंगठ्याएवढ्यापासून डाळीच्या दाण्याएवढ्यापर्यंत. ही वजनं तो चिमट्यानंच उचलतो. "बोटाचा घाम लागला की वजनसुद्धा खोटं बोलायला लागतं," म्हणतो. त्याचे नियम दोन. काहीही तोलायच्या आधी रिकामं पारडं बघायचं. ते शून्य दाखवत नसेल तर पुढचं सगळं फुकट. आणि संशय आला तर एकाच काट्यावर तीनदा तोलायचं. तीन काट्यांवर एकेकदा तोलणारा माणूस नसता घोळ घरी आणतो. हे दोन नियम त्यानं इतक्या दुकानदारांना इतक्या वेळा सुनावलेत की मलाही ते झोपेत म्हणता येतील.

आठ वर्षांपूर्वी त्याला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. ऑपरेशन करून ती ग्रंथीच काढून टाकली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "सगळं निघालं," आणि आमच्या जिवात जीव आला. पुढचे काही महिने मात्र दादाला शिंक आली किंवा हसू आलं की लघवीचे दोन थेंब निसटायचे. मी काही विनोद केला की तो हात जोडायचा. "शिट्टे, तू बोलू नकोस. मला परवडत नाही."

मग दर वर्षी रक्ताची तपासणी सुरू झाली. पीएसए नावाचं काहीतरी त्या ग्रंथीत तयार होतं आणि रक्तात उतरतं. ग्रंथीच गेली म्हटल्यावर आकडा शून्याला टेकलेला हवा. डॉक्टर हे चित्र काढून समजावत होते, पण दादाला पहिल्या वाक्यातच कळलं. "म्हणजे रिकामं पारडं तपासायचं," तो म्हणाला. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला की तो मला फोन करायचा आणि एकच शब्द सांगायचा. "रिकामं." मी "बरं" म्हणायचे आणि फोन ठेवून जरा वेळ तशीच बसून राहायचे. अशी सहा वर्षं, असे सहा फोन.

सातव्या वर्षी फोन आला नाही.

तपासणी सोमवारी होती. गुरुवारी सकाळी मी उठून त्याच्याकडे निघाले. खाली फाटकाशी वहिनी भेटली. ती शाळेची व्हॅन चालवते, गेली बावीस वर्षं. मुलांना सोडून आली होती आणि पुढची काच पुसत होती. मला बघून हसली. "अगं, यांचं रिकामं आलं की! तुला नाही सांगितलं?"

मला आधी हायसं वाटलं आणि मग सणकून राग आला. तीन दिवस माझा घास घशाखाली उतरला नव्हता आणि साहेबांना एक फोन करवला नाही! फैलावर घ्यायचं म्हणून तरातरा जिना चढले. दार उघडंच होतं. दादा टेबलाशी बसला होता आणि त्यानं वीस ग्रॅमचं पितळी वजन नुसत्या बोटांत धरलं होतं.

 चिमटा तिथेच, हाताशी पडला होता.

"दादा, बाही वर कर," मी म्हणाले. एवढ्या उकाड्यात त्यानं लांब बाह्यांचा सदरा घातला होता.  मीच बाही सरकवली. एका हाताला सुईची एक खूण, दुसऱ्या हाताला दोन. मग त्यानं स्वतःच वजनांच्या पेटीखालून तीन पाकिटं काढून माझ्यापुढे ठेवली.

सोमवारी नेहमीच्या प्रयोगशाळेनं आकडा दिला होता पॉइंट एकवीस. 'पॉइंट दोनच्या वर गेलं तर ताबडतोब या,' असं सर्जननी सात वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. मंगळवारी सकाळी हा आणखी दोन प्रयोगशाळांत जाऊन रक्त देऊन आला. एकीनं पॉइंट सव्वीस सांगितलं, दुसरीनं पॉइंट चौदा. आणि पॉइंट चौदाला उराशी धरून तो दोन दिवस गप्प बसला होता.

"तीन काट्यांवर एकेकदा?" मी म्हणाले. "तू? लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

"हळू बोल."

"वहिनीला काय सांगितलंस?"

त्यानं ते वीस ग्रॅमचं वजन खाचेत बसवलं, तेही बोटांनीच.

"दादा, तिला रिकामं म्हणालास?"

"म्हणालो."

मी फार रागावले. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या मापातलं पाप शोधत हिंडलास आणि घरातल्या माणसाला खोटं वजन दिलंस, असं बरंच काही बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मागच्या वेळी ती नऊ दिवस दवाखान्यातल्या खुर्चीत झोपली होती. आता कुठे मोकळेपणी हसायला लागलीय. म्हटलं, एक वर्ष जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू." आणि बाही खाली ओढत, "मला भीती वाटली गं शिट्टे. फार भीती वाटली."

एवढ्या वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मला रडू आलं, पण मी नमले नाही. "पुढच्या वर्षी बघू म्हणणाऱ्या दुकानदाराला तू सोडायचास का? आज ती आली की सांगायचं. नाहीतर मी सांगते, आणि माझा आवाज तुला माहीत आहे."

चार वाजता वहिनी दुपारची मुलं सोडून आली. दादाच्या सांगण्यावरून मी थांबले होते. त्यानं उभं राहून सांगितलं, जणू साहेबांपुढे जबाब देतोय. वहिनी हातात व्हॅनची किल्ली तशीच धरून खुर्चीत बसली. तिन्ही कागद मागून घेतले आणि ओळन् ओळ वाचली.

"आजाराचं मला नका सांगू," ती शेवटी म्हणाली. "त्याच्याशी आपण एकदा दोन हात केलेत, पुन्हा करू. पण तुम्ही मला खोटं सांगितलंत. मी तीन दिवस खुशीत गाणी म्हणत व्हॅन चालवली, आणि तुम्ही चालवू दिलीत."

तिनं तिन्ही कागदांची घडी घालून ते पर्समध्ये टाकले.

"खोट्या काट्याचं करायचात तसं आजपासून तुमचं सील रद्द. यापुढे रिपोर्ट मी उघडणार आणि काय आलं ते मी सांगणार. तुम्ही त्यातलं चकार अक्षर बोलायचं नाही."

मग ती आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच होता. "उद्या मुलं सोडून येते. सव्वाआठला खाली तयार राहा."

जुने सर्जन निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. "तीन ठिकाणी कशाला केलंत? एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळेलच असं नाही. नेहमीच्याच ठिकाणी सहा आठवड्यांनी पुन्हा करा, मग बोलू."

"डॉक्टर, हा नियम यांचाच आहे," मी म्हणाले. वहिनीनं मला कोपर मारलं. दादा आपल्या चपला निरखत होता.

ते सहा आठवडे संपता संपत नव्हते. दादा रोज टेबलाशी बसायचा, पण एक काटा दुरुस्त करायला त्याला आठवडा लागायचा. अखेर वहिनीनं पाकीट फोडलं आणि सांगितलं, "पॉइंट सत्तावीस. पारडं रिकामं नाही." दादानं मान हलवली. मला वाटलं होतं तो कोसळेल, पण उलट त्याचा चेहरा जरा सैल झाला. खरं काय ते एकदाचं कळलं होतं.

स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही. आकडा इतका लहान असताना बऱ्याचदा दिसतच नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जिथून ग्रंथी काढली त्या जागेवर किरण द्यायचे, तेहतीस दिवस. "वेळेवर आलात. आणखी वर्षभर थांबला असतात तर मी इतक्या मोकळेपणी बोलले नसते. बरं होण्याची शक्यता चांगली आहे. लेखी हमी मात्र मागू नका."

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "बाई बरोबर आहेत. पारड्यावर अंगठा ठेवत नाहीत." त्याच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक कुणाला मिळालेलं मला माहीत नाही.

किरण घेताना मूत्राशय भरलेलं लागतं. त्यामुळे रोज अर्धा लिटर पाणी पिऊन दादा व्हॅनमध्ये बसायचा, लहान मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून. घरापासून दवाखान्यापर्यंत अकरा गतिरोधक आहेत. त्यानं मोजलेत, अर्थात. पहिल्या दिवशी सातव्यावर वहिनीचं लक्ष नव्हतं आणि व्हॅन उडाली. दादा असा ओरडला की वहिनीनं भर रस्त्यात गाडी थांबवली. पुढचे बत्तीस दिवस ती गाडीत अंडी भरल्यासारखी चालवत होती. मागचे लोक भोंगे वाजवायचे आणि वहिनी खिडकीतून त्यांना मोजके, चांगले निवडलेले शब्द ऐकवायची.

चौथ्या दिवशी दादानं त्या भल्या थोरल्या यंत्राकडे बघत तिथल्या माणसाला विचारलं, "हे तपासतं कोण?" तो गोंधळला आणि आतून यंत्र तपासणाऱ्या गृहस्थांना घेऊन आला. त्यांनी सांगितलं की रोज सकाळी, पहिला रुग्ण यायच्या आधी, ते प्लॅस्टिकचा ठोकळा ठेवून किरण मोजून बघतात.

"म्हणजे माणूस ठेवायच्या आधी काटा तपासता," दादा म्हणाला.

"हो, तसंच म्हणा," ते म्हणाले. त्या दिवसापासून दादा त्या टेबलावर असा निवांत पडायचा की जणू ते त्याच्याच पुढच्या खोलीतलं टेबल आहे.

सगळंच काही हसण्यावारी गेलं नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर लघवीला आग व्हायला लागली, दिवसातून वीस वीस वेळा उठावं लागायचं, अंगात त्राण उरलं नाही. चोविसाव्या दिवशी तो जिन्याच्या पायरीवरच बसला. "पुरे झालं," म्हणाला. "एवढ्यात होईल तेवढं होईल."

वहिनी त्याच्या शेजारी बसली. "चोवीस देऊन तेहतीस म्हणणाऱ्या दुकानदाराला तुम्ही काय करायचात?"

"दंड."

"मग उठा."

तो उठला. तेहतीस म्हणजे तेहतीस पुरे केले. शेवटच्या दिवशी यंत्रवाल्या गृहस्थांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं आणि वहिनीनं परतीच्या वाटेवर अकराच्या अकरा गतिरोधक मुद्दाम वेगात उडवले. दादा प्रत्येक धक्क्याला हसत होता. सात वर्षांत असं मोठ्यानं हसताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

तीन महिन्यांनी वहिनीनं पाकीट फोडलं. "पॉइंट बारा. उतरलंय, पण रिकामं नाही." आणखी तीन महिन्यांनी पॉइंट झिरो पाच. दादा कागदाकडे वाकूनसुद्धा बघायचा नाही. सील रद्द म्हणजे रद्द. वजनं मात्र पुन्हा चिमट्यानं उचलायला लागला होता, आणि मी ते बघून ठेवलं होतं.

वर्ष झालं तेव्हाच्या तपासणीच्या दिवशी मी दुपारपासून फोन मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या घरी जायचं धाडस झालं नाही. माझ्यासारखी खणखणीत आवाजाची बाई, पण पायच उचलेना. पाच वाजता फोन वाजला. पलीकडे वहिनी होती.

"रिकामं."

"काय?"

"रिकामं गं! पॉइंट झिरो एकपेक्षा कमी. तीनदा वाचलं, एकाच चष्म्यानं!"

 मी उठले, कपाट उघडलं, तळातली शिट्टी काढली, गॅलरीत गेले आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन फुंकली. खाली खेळणारी मुलं जागच्या जागी थांबली. समोरचे आजोबा वर्तमानपत्र टाकून उभे राहिले. मी आणखी दोनदा फुंकली.

फोन कानाला लावला तेव्हा पलीकडे दादा होता. हसत होता की रडत होता, काही कळत नव्हतं.

"ऐकू आली गं, शिट्टे. फोनमधूनही आणि खिडकीतूनही." मग त्यानं नाक ओढलं. "ही म्हणतेय, सील अजून वर्षभर मिळायचं नाही. नको मिळू दे. पण तू ऐकलंस ना? मी नाही सांगितलं. तिनं सांगितलंय."