उंच भुलाबाई

यंदाच्या भुलाबाईत आमच्या मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, अशी काही जिरली म्हणता... अजून हसू आवरत नाही मला!

आम्ही अकोल्याचे कुंभार. चाकाला बाईचा हात लागायचा नाही, लागला की चाक बाटलं म्हणतात. पण भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकराच्या मातीच्या मूर्ती, हातानंच घडवायच्या, म्हणून ते काम माझं. बाजारात मात्र त्या "मामाजींच्या हातच्या."

सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा थांबला म्हणे, अन् आमच्या कापसाचं सोनं झालं. बायकांना यंदा भुलाबाईसुद्धा नथ-तोड्यांची हवी. मीही रंगात आले आणि भुलाबाई भुलोजीपेक्षा बोटभर उंच केली... मुद्दाम, खोटं कशाला बोलू!

मामाजी भडकलेच. "देवापरीस देवी मोठी? लोक तोंडात शेण घालतीन! मोड साऱ्या!"

पोळ्यापासूनची मेहनत ती. म्हटलं, "उद्या बाजारात नाही इकल्या तं मीच मोडीन. पुन्हा मातीले हात नाही लावणार."

बोलून बसले, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही...

बाजारात दुपारपर्यंत एक मूर्ती उरली नाही! आणि मामाजी मिशीवर ताव देत, "आमच्या हातची कला हाय." असा संताप आला...

संध्याकाळी गल्लीतल्या पोरी आमच्या अंगणात भुलाबाई मांडून गायला बसल्या. नेहमीची गाणी झाली आणि मग हे नवीनच...

"भुलाबाई उंच कोणी केली? कुंभाराच्या सुनेनं केली!
मोडा मोडा कोण म्हनलं? घरातलं म्हातारं म्हनलं!"

मामाजी ताडकन उठले. "कोणं शिकवलं हे?"

"म्या." खिरापत वाटता वाटता सासूबाई म्हणाल्या. मला मातीकाम शिकवणाऱ्या त्याच. "माह्या हातच्याई जनमभर तुमच्याच नावानं इकल्या. तवा मी गप बसली. आता पोरींचं तोंड धरून दाखवा!"

पोरी खिदळत पुढच्या अंगणात गेल्या, गाणं घेऊनच. चार दिवसांत अख्ख्या गावाला पाठ!

परवा एक बाई मूर्ती विचारत आली. मामाजींनी चाकावरून मान वर न करता हाक मारली, "सूनबाई, तुह्या भुलाबाईले गिऱ्हाइक आलं वं!"

सासूबाईंची बोटं आता आखडली आहेत. तरी पुढच्या वर्षी त्यांना मातीपाशी बसवणार आहे मी, जमेल तेवढं करतील. एक तरी भुलाबाई त्यांच्या नावानं विकली गेली पाहिजे... नाही का?