मोर जुळेपर्यंत

हा गुप्तहेराचा गेम ज्याने बनवला, त्याने मला फसवलं.

लेकीने तो माझ्या मोबाइलवर घालून दिला. बंगल्यातल्या म्हाताऱ्याचा खून झालाय, पोलिसांनी माळ्याला धरलंय आणि खरा खुनी मी शोधायचाय. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात माझा जन्म गेला. खोटं बोलणाऱ्याचा हात आधी आक्रसतो, हे मला ठाऊक आहे. गेममध्ये पहिल्याच प्रश्नाला म्हाताऱ्याच्या पुतण्याने हात शालीत ओढून घेतला.

"हाच तो!" मी ओरडलो.

"अप्पा, गेमला तुमचा रुमाल कळत नाही," लेक हसली. "पुरावा कपाटात आहे. आधी ते उघडा."

कपाट उघडायला भिंतीवरचं मोराचं चित्र जुळवावं लागतं. मान जागेवर आली की पिसारा बिघडतो. एखादा तुकडा टक् करून बसला की सौदा पटल्यासारखं बरं वाटतं, हेही खरं. पण खरं ओळखणं वेगळं आणि ते पटवून देणं वेगळं. गेमबाहेरही नुसत्या ओळखणाऱ्याला कुणी विचारत नाही.

माझा मोर अजून अर्धाच आहे. त्याच्यापायी निर्दोष माणूस कोठडीत का, याचं उत्तर बनवणाऱ्याने माझ्यासमोर बसून द्यावं.