नकाशाचं नवं रूप आणि आमची अक्का

मोजणी खात्यात मी तीस वर्षं लोकांना त्यांच्या जमिनीच्या हद्दी दाखवल्या. त्यामुळे नकाशा म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी घरात सांगत आलो आहे. घरात कुणी ऐकत नाही, हा भाग वेगळा.

आमच्या अभिजितसाठी राधानगरीकडची मुलगी बघायला जायचं होतं. हे नववं स्थळ. आधीच्या आठांतली तीन माझ्या थोरल्या बहिणीमुळे फिसकटली, असं बायकोचं ठाम मत. अक्का असते कबनूरला. तिला खोटं बोलता येत नाही. चहाचा पहिला घोट घेतला की ती मुलीकडच्यांना सांगते, "पोरगं गुणाचं हाय, पण घोरतंय." (हे खरं आहे. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू साक्षीला आहेत.)

"ह्या बारीला वन्संस्नी पत्ता लागला न्हाय पायजे," बायकोनं बजावलं. पोराचं वय वाढत चाललं होतं, मलाही धास्ती होतीच.

रविवारी सकाळी निघालो. अभिजित गाडी चालवायला, बायको मागे, मी पुढे फोन घेऊन. उघडतो तर काय, नकाशाच्या ॲपनं कात टाकलेली! पिवळे रस्ते राखाडी झाले होते. रंकाळा तलाव निळ्याचा हिरवट झाला होता (हे मात्र वस्तुस्थितीला धरून). बटणं जागा सोडून खाली जाऊन बसली होती आणि त्यांच्यावर अक्षरं नव्हती, नुसत्या खुणा.

"कसं हाय नवीन?" बायकोनं विचारलं.

"एकदम सुटसुटीत," मी म्हणालो. मला काहीही कळलेलं नव्हतं.

"पप्पा, मी बघू का?"

"तू रस्त्याकडं बघ. नकाशा माझ्याकडं हाय."

मुलीच्या वडिलांनी पाठवलेलं घराचं ठिकाण घातलं. पूर्वी 'सुरू करा' होतं तिथे आता बाण होता. बाण म्हणजे निघायचं, हे कुणालाही कळेल. दाबला. त्यानं कसलीशी यादी पुढे केली. चष्मा डिकीतल्या पिशवीत होता, म्हणून पहिल्याच नावाला हो म्हणून टाकलं.

फोनमधली बाई काही बोलेना. "सुधारली," मी म्हणालो. "आधी लई बोलायची."

मग मीच सांगू लागलो. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. अखेर गाडी उसात शिरली. बांधावरचे म्हातारबा जवळ आले.

"पावणं, फुडं रस्ता न्हाय."

"नकाशात दिसतोय की."

"नकाशात आसंल. आमच्यात न्हाय."

मी रस्ता समजलो ती राखाडी रेघ ओढ्याची होती.

विचारत विचारत मुलीच्या घरी पोचायला तीन तास लागले. आत जातो तर सोफ्यावर अक्का. हातात चहाचा कप, निम्मा संपलेला.

"कुठं हुतास रं? तुझ्या दाजींनी गाडी काढली, आमी कवाच पोचलो. तुझी गाडी वड्यात शिरल्याली दिसली की फोनवर."

"तुझ्या फोनवर?"

"तूच धाडलंस न्हवं, घरच्या ग्रुपवर? पोचायचं ठिकाण बी हुतं त्यात. मला वाटलं, बोलिवतोयस."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच अक्काला विचारलं, "घोरायचं सांगितलंसा?"

"सांगितलं की. लपवायचं काय त्यात?"

आठ स्थळं माझ्या डोळ्यांपुढून गेली, नववंही निघालं. तेवढ्यात मुलगी हसली. "आमचे आप्पा घोराय लागले की गोठ्यातली म्हस उठती. मला सवय हाय."

"एवढं खरं बोलणारी माणसं पयल्यांदाच आली," आप्पा, म्हणजे मुलीचे वडील, म्हणाले, आणि तासाभरात सुपारी फुटली. माझे डोळे भरून आले. "बघितलंस?" मी बायकोला म्हणालो. "नकाशामुळंच जमलं."

"आमची एकच अट हाय," आप्पा म्हणाले. "लग्नाला येताना वऱ्हाडाच्या फुडच्या गाडीत नवरदेवाच्या वडलांस्नी बसवू नका."

मी तोंड उघडायच्या आत बायकोनं अट मान्य केली. पुढच्या गाडीत अक्का बसणार आहे. मी शेवटच्या गाडीत, आणि माझा फोन अक्काच्या पिशवीत.