दोन पातींच्या गावात बी. एस्सी.

धाकट्या भावाला सायन्स घ्यायला मीच लावलं. वडील गेल्यापासून धारच्या आमच्या घरात शब्द माझा चाले. बी. ए. झालेले गल्लोगल्ली होते, बी. एस्सी. कोणीच नव्हता, तेव्हा दरबार याला हातोहात उचलील, असं मी धरून चाललो. तो पास झाला आणि वर्षभर घरी बसला. सोयरे विचारत, "नाडी बघता येते का? जमीन मोजता येते? मग शिकला काय?"

शेवटी देवासला शाळेत सायन्सच्या मास्तराची जागा निघाल्याचं कळलं. देवास गाव एकच, पण राज्यं दोन, थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं. दरबार दोन, कारभारीही दोन. जागा एका पातीची होती. तरी तिथल्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला दुसऱ्या पातीच्या कारभाऱ्यांकडेही मुजऱ्याला नेलं. न जाणो, तिकडेही काही निघालं तर!

"दादा, एकाच दारी जाऊ या," तो म्हणाला होता.

"तुला जगाचं काय कळतं?"

सकाळी जागा असलेल्या पातीच्या कारभाऱ्यांनी त्याला समोर बसवलं. "सायन्स म्हणजे करता काय तुम्ही?"

"पाण्यात काय आहे ते तपासता येतं."

"पाण्यात पाणी असतं हो!" सगळे हसले, तोही हसला. कारभाऱ्यांनी पानाचा डबा पुढे ओढला. विडा हातात पडला की जागा मिळाली, हे आम्हा दरबारी घरांना सांगावं लागत नाही. पण डब्यावरचा त्यांचा हात तिथेच थांबला.

"काल तिकडे मुजरा झाला म्हणे?"

'मी नेलं याला.' एवढंच म्हणायचं होतं. मी डब्याच्या झाकणाकडे पाहत राहिलो. ते तीन शब्द आज या वयातही मी एकटा असताना म्हणून पाहतो.

भावाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चूक झाली," तो म्हणाला.

डबा न उघडताच मागे सरकला.

टांग्यापाशी त्याने पागोटं उतरवून काखेत धरलं. टांगेवाल्याने मलाच विचारलं, "इंदौर तक, के धार तक, भिया?"

सवयीने मी तोंड उघडलं.

"मी इंदूरला उतरणार," भाऊ म्हणाला.

"तिथे कोण आहे आपलं?"

"कोणी नाही." तो पुढे टांगेवाल्याशेजारी जाऊन बसला. मी मागे बसलो, दोघांच्या वळकट्या सांभाळत.