पाचवी मूठ

नवागामच्या आमच्या गल्लीत सवत असलेल्या बाया दोन. एक समोरच्या चाळीत राहते, तिच्या सवतीचं घर उधन्यात आहे. दुसरी मी. माझी सवत चलथाणच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात, एका कारखानदाराच्या फार्मवर पंख्याखाली राहते. तिला चार पाय आहेत.

आमचे हे सईस. तापीकाठच्या गावातून सुरतेला आले ते बमरोलीत लूम चालवायला, पण दोन वर्षांत कापसाच्या धुळीनं खोकून बेजार झाले आणि लग्नाच्या वरातीतले घोडे सांभाळायला लागले. तिथून या फार्मवर. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती तेव्हा चार वर्षांची एक तांबडी घोडी तिथे आली आणि माझा संसार तिथेच वाटला गेला. मालकाच्या लेकीला उंच उंच अडथळ्यांवरून घोडा उडवायचा नाद, आणि ही घोडी उडायची. पण तिला खरारा करायचा, पाणी दाखवायचं, तिचे पाय रोज हातानं चाचपून बघायचे, ते सगळं आमच्या ह्यांनी.

मी जळायचे. उगाच कशाला लपवू? तिच्या अंगात अर्धा डिग्री ताप असला तरी ह्यांना तळहातानं कळायचं. माझ्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, ते त्यांना तिसऱ्यांदा वाढल्यावर कळलं. तिला हाक मारायला त्यांच्याकडे दहा लाडाची नावं होती. मला "आयक व". शर्ट धुताना कॉलरला तांबडे केस निघायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाई असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग मालकाची लेक आणि ती घोडी देशाच्या संघात निवडली गेली. परदेशात मोठी स्पर्धा. घोडीबरोबर सईस हवा, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी पीत नाही. हे गेले. पासपोर्टच्या फोटोसाठी ह्यांनी केस कापले, तेव्हा मला आठवलं की आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा केस वाढलेलेच आहेत.

तिकडे सुरुवातीपासून साडेसाती. इथले घोडे थेट त्या देशात नेता येत नाहीत म्हणून आधी दुसऱ्याच देशात कित्येक आठवडे क्वारंटाइन. मग कुठेतरी लढाई सुरू झाली, आकाशातले रस्ते बंद, विमान पुढे ढकललं. संघाच्या घोड्यांच्या डॉक्टरांना व्हिसाच मिळाला नाही, ते इथेच राहिले. चार घोडे आणि दोन सईस. पोचल्यावर एक घोडा लंगडायला लागला, म्हणजे उरले तीन, आणि तिनाहून कमी झाले तर संघ म्हणून उतरताच येत नाही. आता एक जरी घोडा बसला तर सगळेच परत. हे सगळं मला रोज सकाळी साडेआठला फोनवर कळायचं, तिकडे तेव्हा पहाटेचे पाच. मी साडीला स्टोन चिकटवत ऐकायचे. शेवटी मी विचारायचे, "तुम्ही जेवलात का?" ते सांगायचे, "तिनं आज अर्धी बादलीच पाणी पिलं."

अशात श्रावण आला आणि आमची कानबाई आली.

खान्देशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. कानबाई ही आमची देवी; घरी रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीला जाते. तिच्यासाठी रोट करतात. त्या रोटाचं पीठ असंतसं घ्यायचं नाही. आमच्या घरात जितके पुरुष, तितक्या मुठी गहू, प्रत्येकाचं नाव घेऊन सव्वा मूठ. रोट घरच्यांनीच खायचे, भाऊबंदांच्या बाहेर तुकडा जाता कामा नये. बायका ते गहू निवडतात, रोट भाजतात, खातातही. फक्त त्यांच्या नावाची मूठ नसते. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, मी लग्न होऊन आले तेव्हा असंच चाललेलं होतं. आधी सासूबाई मुठी घालायच्या, त्यांचे गुडघे दुखायला लागल्यावर सूप माझ्याकडे आलं. पिशवी मात्र त्या अजून स्वतः घंटीवर, म्हणजे पिठाच्या गिरणीवर, नेतात, कारण घंटीवाल्यानं घंटी नीट धुतली की नाही यावर त्यांचा दुसऱ्या कुणावर भरवसा नाही.

तर शनिवारी सकाळी मी सूप घेऊन बसले. फोन डब्याला टेकवून ठेवलेला, त्यात हे. पहिली मूठ ह्यांच्या नावाची, दुसरी दीरांची, तिसरी आणि चौथी दीरांच्या दोन मुलांची. संपलं. मी हात झटकणार तोच फोनमधून आवाज आला, "आयक व, एक मूठ हिना नावनीबी टाक."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "घोडीच्या?"

"तीन दिवस झाले, नीट खात नाही. देवीचं नाव लागू दे."

मी सासूबाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या कडाडतील. जनावराला भाऊबंद करता का म्हणून. त्या लसूण सोलत होत्या. मान न उचलता म्हणाल्या, "टाक व माय. तीबी आपलीच शे."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. अठरा वर्षं मी या घरात आहे. दीरांचं धाकटं पोर जन्मलं त्याच वर्षी त्याची मूठ पडली, त्याला अजून मान धरता येत नव्हती. आता घोडीची. माझी कधी, हे विचारावं असं कुणालाच सुचलं नाही, आणि मी विचारलं तर हसतील, हेही मला माहीत होतं.

मी मूठ भरली. वर पाव मूठ घातली. ह्यांना दिसेल असं हात वर करून घोडीचं नाव मोठ्यानं घेतलं. आणि गहू सुपात सोडताना, ओठसुद्धा न हलवता, मनात माझं नाव घेतलं.

सांगते ना, फार बरं वाटलं. दिवसभर मी गुणगुणत काम केलं. रविवारी रोट भाजताना पाचव्या मुठीचा वास इतरांपेक्षा खमंग येतोय असंही मला वाटलं.

सोमवारी गल्लीत बँड लागला होता, कानबाई निघायच्या बेतात, सासूबाई नव्या लुगड्यात. साडेआठच्या आधीच फोन आला. चित्र हलत होतं. "ती खाली बसी गयी. उठत नही व. पोट फुगनं." आमचे हे रडत होते. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं. हे मी केलं, दुसरं काही मनात येईना.

तिथला डॉक्टर यायला दोन तास लागणार होते. दुसरा सईस बाकीच्या घोड्यांपाशी. स्पर्धेच्या आधी कुठलं औषध चालतं आणि कुठलं नाही याचे नियम इतके कडक, की हे कशालाच हात लावू धजेनात. ह्यांना काही सुचत नव्हतं; संघाच्या डॉक्टरांचा नंबर ते जाताना माझ्याकडेही देऊन गेले होते, तो मी सासूबाईंच्या फोनवरून लावला. तिघांना एका फोनवर जोडायचं असतं कसं, ते मला तेव्हा येत नव्हतं. मी मोरीत शिरले, दार लावलं, बाहेर बँड, आणि दोन फोन एकमेकांना उलटसुलट चिकटवून धरले, याचं तोंड त्याच्या कानाला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

डॉक्टर म्हणाले, "उसको उठाओ. चलाओ. और फोन पेट पे लगाओ."

ह्यांनी तिला कसंतरी उठवलं आणि फोन तिच्या पोटाला लावला. डॉक्टरांनी ऐकलं, आणि मधे मी असल्यामुळे मलाही ऐकावं लागलं. आतून काहीच आवाज नव्हता. रिकाम्या पिंपासारखं गप्प. डॉक्टर म्हणाले, आवाज यायला पाहिजे, चालवत राहा, थांबू नका. दर दहा मिनिटांनी पुन्हा फोन पोटाला. सवतीच्या पोटाला कान लावून बसायची वेळ माझ्यावर आली होती, आणि मी कानबाईला म्हणत होते, माय, माझी मूठ काढून घे आणि तिला दे. माझं काही अडत नाही. मी खरंच म्हटलं. आणि म्हणताना वाईटही वाटलं, तेही खरं.

मधे ह्यांचा पाय अडखळायला लागला. रात्रभर झोप नव्हती. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं ठेवा. मग मी बोलत राहिले. दीरांच्या घरी नळ गळतोय, समोरच्या चाळीतली सवतीकडे जाऊन भांडी आपटून आली, तुमच्या निळ्या शर्टाची कॉलर उलटून शिवली. जे घरी असताना ते कधी ऐकत नाहीत ते सगळं त्यांनी ऐकलं. सासूबाईंनी दारावर थाप मारली, देवी निघाली, चल. मी गेले नाही.

पाचव्या खेपेला पोटात गुरगुर ऐकू आली. आधी बारीक, मग मोठी. थोड्या वेळानं हे ओरडले, "टाकी व! लीद टाकी तिनी!" डॉक्टर एका फोनवर हसले, हे दुसऱ्या फोनवर हुंदके देत होते, आणि मी मोरीत बसून लिदीसाठी देवीला हात जोडले.

पुढच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी फोनवर स्पर्धा बघितली. मालकाच्या लेकीनं घोडी अशी उडवली की दीरांची मुलं ओरडायला लागली. एक दांडी पडली. संघाचा नंबर सांगायचा तर खालून मोजणं सोपं. पण तिन्ही घोडे शेवटपर्यंत गेले, संघ अर्ध्यातून परत आला नाही. बोलणाऱ्या माणसानं स्वाराचं नाव घेतलं, घोडीचं घेतलं, घोडीच्या बापाचंही घेतलं. कोपऱ्यात बादली आणि स्पंज धरून उभा असलेला माणूस कोण, ते त्यानं सांगितलं नाही. मी चिडून फोनवर बोट ठेवलं, "हे बघा, हे!"

संध्याकाळी ह्यांचा फोन. आवाज मोकळा. "मूठ लागू पडली ना व तिची! कानबाईनं राखलं तिले."

झालं. सासूबाईंनी ते गल्लीभर केलं. घोडीच्या नावाची मूठ काढली आणि देवीनं परदेशात घोडी उठवली. बाया येऊन विचारायला लागल्या, आमच्या रिक्षाची काढली तर चालेल का. दोन दिवस मी ऐकून घेतलं. घोडी गेली असती तर पाप माझं, आणि वाचली तर पुण्य तिचं! मूठ माझी, आणि नाव पुन्हा तिचंच. अपराधी वाटणं कुठल्या कुठे गेलं, नुसता जळफळाट राहिला.

तिसऱ्या दिवशी सासूबाई शेजारणीला तीच गोष्ट पुन्हा सांगून आत आल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "ती मूठ घोडीची नव्हती. मी माझ्या नावाची घातली होती."

मी वाट बघत राहिले. आता घर डोक्यावर घेतील, ह्यांना फोन लावतील, देवीची माफी मागायला लावतील.

त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मंग काय व्हयनं? मी ते लगीन करीसन उनू तैपासून मना नावनी मूठ टाकस. आते घंटीवर जाता जाता टाकी देस. तू इतला साल कसाले थांबनी?"

आणि त्या पाणी प्यायला गेल्या.

म्हणजे रोटात मुठी पाच नव्हत्याच, सहा होत्या. अठरा वर्षं मी त्यांच्या मुठीचे रोट भाजले आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा मला घोडीचा नाही, सासूबाईंचा हेवा वाटला.