बांधावरचं बोलावणं

धाराशिवला जाऊन मी एक प्रशिक्षण घेऊन आले आणि लगेच गावातल्या पोरांना राग आवरायला शिकवायला निघाले. शाळेतून निवृत्त झाले तरी बाईचा बाईपणा काही सुटत नाही. पहिल्याच रविवारी शाळेच्या व्हरांड्यात पोरं गोळा केली आणि सांगितलं, "राग आला की मनात दहापर्यंत मोजायचं." एक जण म्हणाला, "बाई, दहा व्हयस्तोवर समोरचा दोन ठेवून देतोय की!" सगळे खदाखदा हसले. मीही हसले, पण आतून चिडलेच.

पुढं आम्ही सगळ्यांनी मिळून एकच नियम ठेवला. रविवारच्या बैठकीत कुणी कुणाला शहाणपण शिकवायचं नाही; बोलणाऱ्याचं ऐकायचं, बस. हा नियम सगळ्यात जड मलाच गेला. जीभ नुसती वळवळायची. पोरं मात्र हळूहळू बोलायला लागली.

त्यातला एक, विशीतला. वडील लहानपणीच गेले, चुलत्यानं वाढवला; रात्रीची भाकर कायम चुलत्याच्याच घरी. दिवाळीच्या सुमारास विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची, यावरून दोघांची जुंपली आणि यानं चुलत्यावर खोरं उगारलं. मारलं नाही, पण तेव्हापासून बोलणं बंद, जाणं-येणं बंद. एका बैठकीत तो म्हणाला, "माफी मागायला निघतो बाई, आन त्यांच्या दारापातूर गेलो की परत रागच येतो. काकाचा न्हाय, माझाच." सांगण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं. नियमाला बांधलेली म्हणून गप्प बसले.

येळवशीला त्याच्या आईनं मला रानात जेवायला बोलावलं. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्या भागात गावात चिटपाखरू राहत नाही, सगळी रानात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पूजा, मग पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. आणि रीत अशी, की बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, ओळखीचा असो नसो. बोलावलं तर त्यानंही नाही म्हणायचं नसतं.

पूजा झाली आणि पोरगा आंबिलीचा तांब्या घेऊन पिकाभोवती शिंपडत निघाला. शेजारच्या रानात चुलताही तसाच तांब्या घेऊन निघाला होता. दोन्ही रानांच्या मधे एकच बांध. आता दोघं समोरासमोर येणार, हे मला आणि त्याच्या आईला एकदमच कळलं. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर तिनं माझा दंड असा दाबला, की ते आपोआप मिटलं.

बांधापाशी दोघं थांबले. चुलता ज्वारीकडं बघत राहिला. मग पोराच्या तोंडून निघालं, "काका, जेवायला या."

माफीचा शब्द नाही, काही नाही. कुठल्याही वाटसरूला करतात तेच बोलावणं, पण आवाज पार चिरकला होता.

चुलत्यानं तांब्या बांधावर ठेवला. "येतो की," तो म्हणाला. "खोऱ्याचं मला काय वाटलं न्हाय रे. तापलं पोरगं, त्यात काय. पर तू घरी जेवायला यायचा थांबलास, ते लई लागलं. तुझी काकी अजून रोज तुझी भाकर थापती, आन सकाळी उठून म्हशीला घालती."

पोरगं तिथंच बांधावर बसलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागलं. रडता रडताच त्यानं विचारलं, "आज बी थापील का?"

"थापील की. म्हस तेवढी उपाशी ऱ्हाईल," चुलता म्हणाला आणि त्याच्या शेजारी बांधावर टेकला.